जुन्या खाणीचा नकाशा हाती आल्यावर

जुन्या खाणीचा शोध घेताना पहिला गुंता नावाचा होतो. मालक बदलला की खाणीचं नाव बदलतं, आणि कधी एकाच नावाच्या दोन खाणी शेजारशेजारच्या खोऱ्यांत निघतात. म्हणून नावापेक्षा खाणपट्ट्याची हद्द धरून चालावं. वहीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत कागदोपत्री दिसतं, हे लिहीत जावं. सगळं काम या तक्त्यावर उभं राहतं.

खरा ऐवज म्हणजे खाणीचा नकाशा. त्यावर सर्वांत आधी शेवटच्या मोजणीची तारीख शोधा. त्यानंतर खणलेलं काम नकाशात नसतं, आणि ही उणीव जिवावर बेतू शकते. २४ जुलै २००२ रोजी पेन्सिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत शेजारच्या बंद खाणीचं पाणी घुसलं. जुनी खाण नकाशात दाखवली होती त्यापेक्षा पुढपर्यंत खणलेली होती. अडकलेले नऊ कामगार तीन दिवसांहून अधिक काळानं जिवंत बाहेर आले, हे थोर भाग्य. ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्यानं बंद झालेल्या कोळसा खाणीचा नकाशा सरकारकडे देणं बंधनकारक झालं. त्याआधी बंद पडलेल्या कित्येक खाणींचा नकाशाच मिळत नाही.

दुसरी गोष्ट उत्तर दिशेची. जुनी मोजणी होकायंत्रानं होई, त्यामुळे नकाशावरचा बाण बहुधा चुंबकीय उत्तर दाखवतो आणि तीही त्या वर्षाची. लंडनमध्ये १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या ११ अंश पूर्वेला होती, १८२० च्या आसपास ती २४ अंश पश्चिमेला गेली, आणि आज ती जवळजवळ खऱ्या उत्तरेवर आहे. २४ अंशांची चूक तशीच ठेवली, तर १ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचं टोक सुमारे ४१६ मीटर भलतीकडे पडतं. उपाय सोपा आहे: नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे ओळखता येतील असे दोन शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायच्या विहिरी, घ्या. त्यांच्यातल्या अंतरानं नकाशाचं प्रमाण तपासता येतं, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेनं दिशा. तिसरा शाफ्ट पडताळ्यासाठी ठेवा. तो जागेवर बसला नाही तर बहुधा तिघांपैकी एखाद्याची ओळख चुकलेली असते. कागद आकसतो, तोही लांबीत आणि रुंदीत सारखा नाही; तेव्हा छापील प्रमाणावर विसंबू नका, नकाशावरची मोजपट्टी मोजा.

खोली वाचतानाही असाच घोटाळा होतो. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये खोली फॅदममध्ये (१ फॅदम म्हणजे ६ फूट) लिहीत, पण ती बहुधा जमिनीपासून नव्हे, तर पाणी बाहेर काढणाऱ्या बोगद्याच्या पातळीपासून मोजत. ‘१०० फॅदम’ वाचून १८३ मीटर लिहून टाकलं, की वरचा सगळा डोंगर हिशेबातून गळतो. तिरप्या शाफ्टची लांबी म्हणजे खोली नव्हे, हेही ध्यानात असू द्या. वजनांचंही तसंच: ब्रिटिश टन २२४० पौंडांचा, तर सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा, किराण्याच्या २८.३५ ग्रॅमचा नव्हे. आकड्याशेजारी मूळ एकक कायम ठेवा, रूपांतर वेगळ्या रकान्यात लिहा.

माणसांच्या बाबतीत चूक होते ती घराण्याचं आणि पेढीचं नाव एक असल्यामुळे. इंग्रज खाण-अभियंता जॉन टेलर १७७९ मध्ये जन्मले, १७९८ मध्ये, विशीही गाठली नसताना, डेव्हनमधल्या व्हील फ्रेंडशिप खाणीचे व्यवस्थापक झाले आणि १८६३ मध्ये वारले. कोलारच्या सोन्याच्या खाणी चालवणारी जॉन टेलर अँड सन्स ही त्यांच्याच नावाची पेढी, पण म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी स्थापन झाली १८८० मध्ये. म्हणजे कोलारचं श्रेय थेट त्यांना देणं कालक्रमातच बसत नाही. जन्म-मृत्यूची वर्षं आधी लिहिली की अशा चुका आपोआप अडतात.

कंपनीचं माहितीपत्रक भांडवल गोळा करण्यासाठी लिहिलेलं असतं. त्यातला धातूचा अंदाज उत्पादन म्हणून नोंदवू नका. वार्षिक अहवालातला प्रत्यक्ष विकलेला माल आणि वाटलेला लाभांश जास्त बोलतो. कामगार मात्र या दोन्हींत क्वचितच दिसतात. त्यांच्यासाठी अपघातांचे सरकारी अहवाल पाहावेत, आणि ब्रिटनच्या बालकामगार आयोगाचा १८४२ चा अहवाल तर वाचायलाच हवा. त्यात खाणीत राबणाऱ्या मुलामुलींच्या जबान्या नाव आणि वयासकट छापल्या आहेत.