पंचनामा आणि सरकारी वकील

कायद्याची पदवी घेतलेली जळगाव-धुळ्याकडची मुले अधूनमधून विचारतात, की पर्यावरणाच्या खटल्यांत सरकारची बाजू मांडायची असेल तर काय वाचावे. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा त्यांनी वाचलेलाच असतो. सरकारी वकील म्हणून माझी बहुतेक वर्षे मात्र पंचनामे वाचण्यात गेली.

गिरणा नदीच्या वाळूचेच घ्या. ‘अंदाजे शंभर ब्रास वाळू उचललेली दिसते’ एवढे लिहून तलाठ्याने आणि पंचांनी सह्या केल्या, की जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खालील बेकायदा उपशाचा दंड अपिलात टिकवताना आमची दमछाक होते. समोरचे वकील एवढेच विचारतात, की ब्रास मोजले कसे? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट; खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली टेप लावून लिहिलेली असेल तर उत्तर कागदातच असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, पण न घेतलेले माप त्या निकालातून मिळत नाही.

सांडपाण्याच्या बाबतीत १९७४ चा जल कायदा अधिक काटेकोर आहे. कलम २१ प्रमाणे नमुना घेताना कारखानदाराला तिथेच नोटीस द्यावी लागते आणि तो हजर राहून मागणी करत असेल, तर त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करून, सील लावून नमुना घेणारा अधिकारी आणि कारखानदार दोघांनी सह्या कराव्या लागतात. ही पद्धत पाळली नाही तर प्रयोगशाळेचा अहवाल पुराव्यात घेता येत नाही. नाला काळा झालेला अख्ख्या गावाने पाहिलेला असतो, तरी आरोपी सुटतो आणि बोल वकिलाला लागतो. तरीही ही तरतूद मला रास्त वाटते, कारण फौजदारी खटल्यात बाटली कोणाची, हा संशय राहता कामा नये.

पुण्याच्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे पर्यावरणाचे वाद चालणाऱ्या खास न्यायासनापुढे, चित्र उलटे असते. तिथे अर्जदार गावकरी असतात आणि राज्य शासन बहुधा प्रतिवादी. न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १४ खालच्या अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे, त्यामुळे मुदतीचा आक्षेप घेण्याचा मोह प्रत्येक सरकारी वकिलाला होतो. तो घेण्यास माझी हरकत नाही. फक्त त्याआधी, तक्रार आल्यावर कोणत्या तारखेला कोणती कारवाई केली, हे संबंधित कार्यालयाकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घेतो.