नानांचं दुकान, आमचं सलून

आमचा धंदा सुरू झाला तो एका धोकटीतून. वस्तरा, कातर, नखं काढायची नऱ्हाणी, तुरटी, पाण्याची वाटी आणि तळहाताएवढा आरसा, एवढंच भांडवल. आजोबा पारोळा तालुक्यातल्या खेड्यात बलुत्यावर काम करायचे. वर्षाकाठी खळ्यावर ज्वारी मिळायची, तीही देणाऱ्याच्या मर्जीनं. माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, ते पटलं नाही. आणीबाणी उठली त्या वर्षी, १९७७ मध्ये, ते अमळनेरला आले आणि लाकडी खुर्ची मांडून बसले. रोजचं काम, रोजचा रोख पैसा.

म्हणायला रोख! प्रताप मिलची पाळी सुटली की कामगारांची रांग लागायची आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात सगळी उधारी. वही कधीच नव्हती. "लिखानी नही, ध्यानमा ठेवानी," हे नानांचं हिशेबशास्त्र. किती बुडाली ते आम्हाला आजही ठाऊक नाही. वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरली की ते जेवायलाही घरी येत नसत.

गिऱ्हाईक मात्र त्यांनी जोडलं ते दुकानाबाहेर. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची दाढी घरी जाऊन करायची, लेकरांचं जावळ काढायचं, दशक्रियेला नदीवर जायचं. दशक्रियेचे पैसे ते तोंडानं कधी सांगत नसत. कोणी हातावर ठेवतील ते. पैसे आधी सांगावेत असं माझं म्हणणं, आणि यावरून आमचे खटके उडायचे. धंदा म्हणून माझंच बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. पण ज्या घरांसाठी ते नदीवर उभे राहिले, त्यांची नातवंडं आज आमच्याच खुर्चीत बसतात, हेही खरं.

पुढे एड्सची भीती गावोगाव पोचली, तेव्हा जुना वस्तरा जाऊन अर्ध्या ब्लेडचा आला. मुद्रा योजनेतून कर्ज घेऊन आम्ही खुर्च्या वाढवल्या, इन्व्हर्टर बसवला. लॉकडाउननंतर २८ जून २०२० पासून सलून उघडायला परवानगी मिळाली, पण दाढीची नाही. नाना म्हणाले, "दाढी नही तं आर्धं दुकान बंदच ना!" हिशेबानं ते चुकले नव्हते.

गेल्या पौषात नाना गेले. शेवटच्या दिवसांत हात थरथरायचा, तरी माझ्या कटिंगमधल्या खोडी त्यांना पलंगावरून दिसायच्या. ते गेले त्या दिवशी गावातली सगळी सलून दुपारपर्यंत बंद होती. दहाव्याला आम्हा भावांचं मुंडण कोण करणार, यावर नदीवर थोडा वाद झाला. ज्यांच्याशी नानांची गिऱ्हाइकांवरून उभ्या जन्माची तेढ, ते शेजारच्या गल्लीतले दुकानदार सगळ्यांना बाजूला सारून पुढे झाले. "हाई काम मनं शे," हे काम माझं आहे, एवढंच बोलले. दुखवटा संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या विधीला त्यांच्या घरी पाकीट पाठवलं, ते तसंच परत आलं.

आता सोमवारी सलून बंद असतं, तेव्हा आजारी माणसांसाठी आम्ही घरी येतो. त्याचे पैसे घेतो, आधी सांगून घेतो. श्रावण वद्य द्वादशीला आमच्या नाभिक समाजाचे संत सेना महाराज यांची पुण्यतिथी, त्या दिवशी कोणतंच काम नाही. दशक्रियेचा दर दरपत्रकात छापलेला नाही. आदल्या संध्याकाळी कळवलं तर सकाळी सातला कारागीर बोरीवर हजर असतो.