खंबाटकीच्या चढावर समोर सोडलेली जागा

खंबाटकीचा जुना घाट आता एकाच दिशेचा आहे. पुण्याकडून येणारे घाट चढतात, साताऱ्याहून पुण्याला जाणारे बोगद्यातून निघतात. समोरून कोणी येण्याची भीती नाही, तरी सणासुदीला कोंडी होते ती याच चढावर. दिवाळीतल्या त्या शनिवारी मी स्वारगेट-सातारा एसटीवर चालक होतो. सातारा जिल्ह्यातलं खंडाळा मागे टाकून चढाला लागलो आणि गाड्या थांबल्या.

पुढच्या वळणावर लोड भरलेल्या कंटेनरचा क्लच गेला होता. डावी लेन बंद, उजवीकडून एकेक गाडी सरकत होती. कंटेनरच्या चालकाने मागच्या चाकांना दगड लावले, चारही इंडिकेटर चालू ठेवले आणि झाडाच्या फांद्या तोडून मागे टाकल्या. फक्त त्या गाडीपासून चार पावलांवर होत्या. सरळ रस्त्यावर एक वेळ तेवढ्यावर भागतं, वळणावर नाही. वळण सुरू व्हायच्या आत, निदान पन्नास मीटर मागे खूण हवी, नाहीतर मागच्याला ती दिसते तेव्हा ब्रेक मारायला रस्ताच उरलेला नसतो. आमच्या मास्तरांनी, म्हणजे कंडक्टरनी, खाली उतरून त्या फांद्या मागे नेल्या आणि १०३३ ला फोन लावला. हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक. फोनवर तीन गोष्टी आधी सांगायच्या: कुठल्या दिशेची लेन, जवळच्या दगडावरचा किलोमीटर, आणि गाडी भरलेली की रिकामी. भरलेल्या कंटेनरला लहान क्रेन पाठवली तर ती येऊन नुसती उभी राहते.

चढावरच्या कोंडीत मी पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवूनच थांबतो, आणि पुढे ट्रक असेल तर त्याहून जास्त, वीसेक फूट. चढावर गाडी सुटताना मागे येते. भरलेला ट्रक फूट-दोन फूट सहज येतो, चालक थकलेला असेल तर जास्तही. दुसरं कारण क्लचचं. पुढची गाडी हातभर हलली की आपणही हातभर हलायचं म्हटलं तर पाय सतत अर्ध्या क्लचवर राहतो, प्लेट घासत राहते आणि थोड्या वेळात जळका वास सुटतो. त्यापेक्षा हॅन्डब्रेक ओढून, पाय काढून बसावं. पुढे दोन गाड्यांची जागा झाली की पहिला गिअर टाकायचा, क्लच पकडतोय असं जाणवलं की थोडा अॅक्सिलरेटर देऊन हॅन्डब्रेक सोडायचा. गाडी मागे येत नाही आणि पूर्ण क्लच सोडून चालते.

कारवाल्यांना हे पटत नाही. मागचा हॉर्न देतो, बाजूचा त्या जागेत घुसतो. घुसू द्यावं, पुन्हा जागा सोडावी. पण बसच्या मागे अगदी चिकटून थांबणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं, की त्याला माझा आरसा दिसत नसेल तर तो मला दिसत नाही.

त्या दिवशी वळणाखाली तीन-चार कार बोनेट उघडून उभ्या होत्या. गाडी रांगत असली की रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही, त्यात एसीचा भार. काटा वर चढायला लागला की एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा. आत उकडतं, पण इंजिनची उष्णता निघून जाते. काटा लाल पट्ट्यात गेला तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद. एक जण फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाला होता, त्याला मास्तरांनी ओरडून थांबवलं. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण सैल झालं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. निदान अर्धा तास हात लावू नये.

मग खालून सायरन ऐकू आला. उजव्या लेनमधल्या गाड्यांना हलायला जागा नव्हती. जागा होती ती आमच्या, म्हणजे डाव्या लेनमध्ये, कारण तिथे बहुतेक ट्रक होते आणि घाट ओळखणारा ट्रकवाला अंतर सोडूनच थांबतो. मी खिडकीतून हात काढून शेजारच्या कारला माझ्यापुढे बोलावलं. मागच्या ट्रकने त्याच्यापुढे एक घेतली, त्याच्या मागच्याने एक. अशी एकेक कार डावीकडे शिरत गेली आणि अॅम्ब्युलन्स उजवीकडून कंटेनरला वळसा घालून वर गेली. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दहा हजारांचा दंड आहे. पण दोन्ही लेन चिकटून उभ्या असतील तर द्यायची इच्छा असूनही वाट देता येत नाही. अॅम्ब्युलन्सच्या मागे लागून दोन कार सुसाट निघाल्या, हे फार वाईट. आधी डावीकडे सरकलेला माणूस ती गेली म्हणून परत उजवीकडे येतो आणि या कार त्याच्यावर आदळतात.

क्रेनचं कठीण गेलं. ती खालून येणार होती आणि डावीकडची कडेची पट्टी कारनी भरून गेली होती. कंटेनरच्या डावीकडून निघू या आशेने लोक त्यात शिरले होते, पुढे गटार आणि डोंगर. अशी रांग पुढून सुटत नाही. मास्तर तडक शेवटच्या गाडीपाशी गेले.

"पाव्हणं, आधी तुमची गाडी लेनमध्ये घ्या. पुढच्याला मागं यायला जागा होईल."

"पुढचे जातील की आधी."

"पुढं डोंगर हाय, दादा. क्रेन आल्याशिवाय कुणीच जाणार न्हाई."

तो हलला, मग त्याच्या पुढचा. चढावर रिव्हर्स घेताना प्रत्येक गाडीमागे एक माणूस बाजूला, चालकाच्या आरशात दिसेल असा उभा केला. ऐन गाडीमागे कुणालाही उभं राहू दिलं नाही. पट्टी रिकामी झाल्यावर क्रेन वर आली आणि कंटेनर कडेला ओढला गेला.

जॅम सुटल्यावर धोका संपला असं वाटतं, पण माझ्या मते तो तेव्हाच वाढतो. वेळ भरून काढायला सगळे एकदम पळतात. घाटाच्या पलीकडे वेळे गावाच्या उतारावर काही जण न्यूट्रल टाकतात. मग इंजिनचा अडसर राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. इंजिनच बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जातं आणि ब्रेकची मदतही. चढताना जो गिअर लागतो तोच उतरताना ठेवावा.

साठच्या वेगाला एका सेकंदात गाडी जवळजवळ सतरा मीटर जाते, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. म्हणून पुढची गाडी एखाद्या पाटीपाशी गेली की मनात एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन म्हणायचं, म्हणजे तीन सेकंद होतात. त्याआधी आपण पाटीपाशी पोहोचलो तर अंतर कमी आहे. बससाठी आणि पावसात मी एकशे चारपर्यंत मोजतो. त्या अंतरात सुरूर फाट्यापर्यंत कार घुसतच होत्या. घुसली की अॅक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, पुन्हा अंतर होऊ द्यायचं. एका कारमागे दोन-तीन सेकंद जातात. दहा घुसल्या तरी साताऱ्याला पोहोचायला अर्धाच मिनिट उशीर होतो.