उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो, वटवाघूळ चाळीस काढतं, हे कसं काय?

सांगलीत राहून हळदीवर शंका घ्यायची म्हणजे जरा डेरिंगच लागतं, पण परवा फॅमिली ग्रुपवर काकांनी फॉरवर्ड टाकला की हळदीच्या कॅप्सूलनं डीएनए रिपेअर होतो आणि म्हातारपण लांबतं, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे. कारण डीएनए रिपेअरचा वयाशी संबंध आहे हे खरंय, फक्त तो कॅप्सूलवाले सांगतात तसा नाही.

डीएनए बिघडायला काही मोठं कारण लागत नाही. पेशीतलं पाणी, आपण घेतो तो ऑक्सिजन, अंगाची ऊब, एवढ्यानंच एकेका पेशीत रोज हजारो ठिकाणी मोडतोड होते. टोमास लिंडाल नावाच्या शास्त्रज्ञाच्या हे लक्षात आलं आणि त्याला प्रश्न पडला की एवढी पडझड होऊनही आपण जिवंत कसे? म्हणजे आत कुणीतरी सारखं दुरुस्त करत असणार. ती यंत्रणा शोधल्याबद्दल त्याला, पॉल मॉड्रिच आणि अझीझ संजार यांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. जुन्या वाड्यात पावसाळ्याआधी कौलं चाळून घेतात ना, तसंच, एक वर्ष आळस केला की पाणी वाशात मुरतं आणि मग वासा कुजतो.

आता मजा बघा. घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत आटोपतो. आणि सायबेरियात ब्रँड्ट्स बॅट नावाचं सात-आठ ग्रॅमचं वटवाघूळ सापडलं, ते ओळखीची रिंग घालून सोडल्यापासून ४१ वर्षांनी परत जिवंत सापडलं!! लहान प्राणी लवकर मरतो हा आपला हिशोब इथं साफ चुकतो.

२०२२ मध्ये नेचर मासिकात एक अभ्यास आला, मला तो फार आवडला. माणूस, उंदीर, जिराफ, वाघ, सिंह धरून १६ सस्तन प्राण्यांच्या आतड्यातल्या पेशी तपासल्या, दरवर्षी डीएनएमध्ये दुरुस्तीतून सुटलेले किती नवीन बदल साठतात ते मोजायला. उंदरात वर्षाला साधारण ८००, माणसात ५० सुद्धा नाहीत. पण आयुष्य संपेपर्यंतचा एकूण आकडा बघितला तर सगळ्यांचा बऱ्यापैकी जवळपास येतो. जिराफ आणि उंदराएवढा बिनकेसाचा नेकेड मोल रॅट, वजनात केवढा फरक, पण बदलांचा वेग जवळजवळ सारखा, आणि आयुष्यही दोघांचं दोन-तीन दशकांचं. आता बदल साठल्यामुळेच म्हातारपण येतं असं यावरून सिद्ध होत नाही, दोन गोष्टी बरोबर चालतात एवढंच दिसतं.

उलट्या बाजूनं, म्हणजे रिपेअरच बिघडलं तर काय होतं याचा, पुरावा मात्र जास्त अंगावर येतो. वर्नर सिंड्रोम या आजारात डीएनए सांभाळणारा एकच जीन बिघडलेला असतो, आणि ऐन विशी-तिशीत केस पांढरे, मोतीबिंदू, डायबेटिस. हत्तीची तर तऱ्हाच वेगळी, त्याच्याकडे बिघडलेल्या पेशींवर लक्ष ठेवणाऱ्या पी-५३ या जीनच्या वीसेक जोड्या आहेत (आपल्याकडं एकच), आणि बिघडलेली पेशी दुरुस्त करत बसण्यापेक्षा तो ती सरळ मारूनच टाकतो, बहुधा म्हणूनच एवढं मोठं धूड असूनही कॅन्सर कमी.

मग हळदीचं काय? हळदीतल्या करक्युमिन या घटकाचे प्रयोग लॅबमध्ये काचेच्या प्लेटमधल्या पेशींवर बरेच झालेत, पण पोटातून ते रक्तात फारच थोडं पोचतं. त्यानं माणसाचं आयुष्य वाढलं असं कुणी दाखवलेलं नाही. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकनाचा टॅग) मिळाला तो रंगासाठी, गुणासाठी, अमरत्वासाठी नाही ओ काका.

आणि रिपेअर वाढवायचं औषध मिळेल तेव्हा मिळेल, मोडतोड कमी करणं तर आजच हातात आहे की. आमच्याकडं बायका सकाळी उठून मिश्री लावतात, त्यातले तंबाखूचे नायट्रोसमाइन्स (कॅन्सर करणारी रसायनं) शरीरात गेल्यावर बदलतात आणि डीएनएला जाऊन चिकटतात. त्याच ग्रुपवर मी हे टाकलं, तर एकाही काकूचा रिप्लाय नाही, आणि काकांनी दुसरा फॉरवर्ड टाकला, यावेळी शेवग्याचा.