रंग जमून नाही राहिला

‘बसाचं नाही त घोडी कायले पोसता, भाऊ?’ हा प्रश्न मला गावात दोन वर्षे विचारला जात होता. माझी मारवाडी बछेरी जुलै २०२१ मध्ये जन्मली. तीन वर्षांची होईपर्यंत तिच्या पाठीवर खोगीर ठेवायचे नाही, हे मी आधीच ठरवले होते, कारण घोड्याच्या मणक्यांची वाढ सर्वांत शेवटी, पाच-साडेपाच वर्षांपर्यंत पूर्ण होते. तोवर करायचे काय, याचे उत्तर मला रिकाम्या खळ्यात मिळाले.

मोरकीला दहा हात दोर बांधून मी रोज सकाळी वीस मिनिटे तिच्याबरोबर चालत असे. मी थांबलो की तिने थांबावे, छातीला बोट लावले की एक पाऊल मागे सरकावे आणि मागच्या मांडीकडे पाहिले की मागची बाजू वळवावी, एवढाच तो अभ्यास होता. दोर ओढल्याने घोडे शिकत नाही, तर त्याने ऐकले त्याच क्षणी दोर सैल सोडल्याने शिकते, हे कळायला मला महिना लागला. त्यानंतर एका सकाळी तिने स्वतःच मान खाली घातली, ओठ चाटले आणि मोठा श्वास सोडला. तो आनंद मला आजवर कोणत्याही रपेटीत मिळालेला नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत, घोड्यांच्या स्पर्धेत, तिला हातात धरून ‘अदंत’ गटात दाखवायचे ठरले. अदंत म्हणजे दुधाचे दात न पडलेले जनावर. मधले दोन दात साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पडतात आणि दत्तजयंती २६ डिसेंबर २०२३ रोजी होती, म्हणजे हाती फार वेळ नव्हता. तयारीत काहीच अडले नाही. अडले ते यात्रेसाठी लागणाऱ्या, ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाच्या रक्ततपासणी अहवालापाशी.

या तपासणीला माझा आक्षेप नाही. हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि तो आढळला की जनावराला दयामरणच द्यावे लागते. म्हणून १६ नोव्हेंबरला आमच्याकडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ताचा नमुना दिला. ‘आठ-दहा दिवसांत येते जी,’ असे सांगण्यात आले. दहाव्या दिवशी गेलो तेव्हा साहेब दौऱ्यावर होते. तेराव्या दिवशी साहेब होते, पण कपाटाची किल्ली नव्हती. कापसाची वेचणी सोडून मी सहा चकरा मारल्या आणि दर वेळी नमुना ‘वर गेला आहे’ हेच ऐकले. इकडे मी रोज बछेरीचा ओठ उचलून मधल्या दाताला अंगठा लावून पाहत होतो. तो हलायला लागला होता.

सातव्या चकरेत, ५ डिसेंबरला, कंपाउंडरने लसींचा फ्रीज उघडला. कोंबड्यांच्या लसीच्या खोक्यामागे माझी नळी होती आणि तिला रबर लावून माझा अर्ज गुंडाळलेला होता. ‘भाऊ, तुमच्या घोडीचा रंग जमून नाही राहिला ना,’ तो अगदी सहज म्हणाला. अर्जात मी रंग ‘लाल’ लिहिला होता आणि डॉक्टरांनी घोडीची ओळख पटवण्यासाठी काढलेल्या आकृतीखाली ‘कुम्मैत’ असे नोंदवले होते. अंग तांबूस आणि आयाळ, शेपूट व पाय काळे असले की तो कुम्मैत, हे बरोबरच आहे आणि ती चूक माझी होती. पण त्याच अर्जाच्या डोक्यावर माझा मोबाईल क्रमांकही होता, आणि एकोणीस दिवसांत तो कोणालाही लावावासा वाटला नाही. त्या दिवशी मी जे बोललो ते येथे लिहिण्याजोगे नाही. नमुना पुन्हा घ्यावा लागला.

म्हणून सांगतो, रंग, कपाळावरचा टिळा, पायांवरचे पांढरे आणि केसांचे भोवरे हे सर्व डॉक्टरांसमोरच, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे, अर्जाचा फोटो काढावा आणि नमुना पुढे पाठवल्याची पावती हातात पडल्याशिवाय तेथून उठू नये.

अहवाल २२ तारखेला आला, रोग नव्हता. मलकापूर-जळगावमार्गे आम्ही वेळेत पोहोचलो. रिंगणात ती सैल दोरावर माझ्या खांद्याशी चालली, दुडकीवर परत आली आणि चारही पाय स्वतंत्र दिसतील अशी उभी राहिली. परीक्षकांनी ओठ उचलला तेव्हा माझाच श्वास अडकला होता, पण दात जागेवर होता. आमचा क्रमांक पाचवा आला. पुढचे खूर किंचित आत वळतात, हा त्यांचा शेरा मला मान्य आहे, मात्र त्या गटात दोर न ताणता उभे राहिलेले जनावर आमचेच होते, हे मी कोणालाही सांगायला तयार आहे.

एक सांगायचे राहिलेच: रक्त घेण्याआधी पंधरा दिवस मानेच्या शिरेवर बोटाने दाबण्याची सवय लावावी. दुसऱ्या वेळी सुई टोचली तेव्हा तिने कानही हलवला नाही. यात्रेहून परतल्यावर चौथ्या दिवशी तो दात मला गव्हाणीत, कडब्याच्या चुऱ्यात सापडला.