तुमचं कोण?

रोम, रात्री उशिरा

पाय ठणकतायत, झोप येत नाही आणि मनातून हेवा काही जात नाही. मेलेल्यांचा नाही, त्यांच्या नातेवाइकांचा. असला हेवा सांगायचा तरी कुणाला!

व्हॅन सुटल्यासुटल्या गाइडनं एकेकाला विचारलं, "तुमचं कोण होतं तिथे?" मोंते कासिनो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं इटलीतलं रणांगण; तिथल्या सहलीला लोक बहुतेक कुणासाठी तरी येतात म्हणे. न्यूझीलंडच्या बाईंच्या आजीचा भाऊ. इंग्रज आजोबांचे वडील, जखमी होऊन घरी परतलेले. पोलिश बापलेकांचं सख्खं कुणी नव्हतं, पण त्यांचं अडलं नाही. 18 मे 1944 ला मठाच्या अवशेषांवर झेंडा लावला तो पोलिश सैनिकांनी, म्हणजे तिथले सगळेच त्यांचे. माझी पाळी आली. म्हटलं, कुणी नाही, अशीच आलेय. "छान," गाइड म्हणाला. शेजारची सीट रिकामी होती. पैसे भरलेली. त्यावर आज लिहायचं नाही.

गाइड बोलायचा मात्र छान. खाली नदी, वर डोंगर, डोंगरावर बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ. 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो पाडला. आत जर्मन सैन्य नव्हतंच, आसऱ्याला आलेली माणसं होती, ती मेली. आणि मठाचा ढिगारा झाल्यावर जर्मन त्यात जाऊन बसले, कारण लपायला तो जास्त सोयीचा. हे ऐकून व्हॅन थोडा वेळ गप्प. मग चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या वाट्याला ती चढण कशी आली, राजपुताना रायफल्स, गुरखे, हे सगळं एका वाक्यात उरकलं. नंतर अर्धा घाट वोयटेक अस्वल. पोलिश तोफखान्याच्या तुकडीत त्याची रीतसर भरती झालेली, पुढे एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात राहिलं, त्याचे पुतळेही आहेत. व्हॅनमध्ये सगळ्यांना अस्वल ठाऊक. डोळ्यांत पाणी आलं ते तिथे. अस्वलावरून!

स्मशानभूमीत चार हजारांवर थडगी, कापलेलं गवत, समोर मान वर केली की मठ, नव्यानं बांधलेला. न्यूझीलंडच्या बाई गाइडच्या कागदावरचा आकडा बघत गेल्या आणि एका दगडापाशी खाली बसल्या. माओरी बटालियनमधला पोरगा. फेब्रुवारीत रेल्वे स्टेशनवर रात्रीचा हल्ला झाला, त्यात गेला. त्या मोकळेपणी रडल्या. मी लांब उभी, हातांचं काय करावं कळेना. एवढं रडायला आपलंही कुणी असतं तर! असा विचार करणारी बाई मीच, हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण आला खरा विचार.

ज्यांचं थडगंच नाही त्यांची नावं मधल्या उंच संगमरवरी फळ्यांवर आहेत, पलटणींनुसार. फिरता फिरता मराठा लाइट इन्फन्ट्री दिसली. आणि खाली घाडगे, यशवंत. नावापुढे व्हिक्टोरिया क्रॉस, शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक.

अहो, हे आपले तहसील कचेरीसमोरचे! माणगावला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताईबरोबर किती खेटे घातले, "पुतळ्यापाशी थांब" हे ठरलेलं. पळसगावचे, मोठा पराक्रम केला, इतपत तेव्हा माहीत. बाकीचं मागाहून वाचलं. 10 जुलै 1944, उत्तरेकडे तिबर नदीचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीत फक्त तेच उभे राहिले. एकटे धावत गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना मारलं. मग त्यांनाही गोळ्या लागल्या. वय 22. लढले तिकडे, पण थडगं नाही म्हणून नाव इथे. परगावी एसटी स्टँडवर अचानक गावचा माणूस भेटावा, तसं झालं मला.

"नातेवाईक?" गाइड मागे येऊन उभा होता.

"नाही. आमच्या तालुक्याचे."

तो थांबला, तेव्हा सांगितलं सगळं, पुतळ्यासकट. पोलिश बापलेक आले, इंग्रज आजोबा आले. अस्वलापेक्षा जास्त वेळ घेतला मी. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हेवा तरीही होताच. परतताना न्यूझीलंडच्या बाई माझ्या शेजारच्या रिकाम्या सीटवर येऊन बसल्या. त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं त्याला? आईच्या जन्माआधीच गेला. आजीच्या कपाटावर फोटो होता, एवढंच. फोटोशी त्यांचं जितकं नातं, त्यापेक्षा माझं पुतळ्याशी कमी म्हणता येईल, पण फार नाही. कपाट घरातलं, कचेरी सरकारी, इतकाच फरक. शिवाय त्यांना कधी त्याच्यासमोर रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं.

उम्ब्रियात मोंतोने गावी घाडग्यांच्या स्मारकाचं सूर्यघड्याळ आहे, 2023 मध्ये उभारलेलं. जायला हवं. सोबत कोण येतंय बघू.

वाटेतच ताईला फोन केला. "घाडग्यांचं नाव? तिथे? हात जोडलेस ना?" मग लगेच, "आणि हा कुठेय?"

म्हटलं, हॉटेलवर. मग रेंज जातेय असं सांगून ठेवला फोन. रेंज उत्तम होती.