दूध संस्थेतला ईएसपी३२ आणि एसडी कार्डावरची सेटिंगची फाइल – माझा अनुभव

आमच्या भागातल्या एका दूध संस्थेच्या बल्क कूलरवर मी एक डबी बसवलीय. आत ईएसपी३२ (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप), तापमान मोजणारा एक डीएस१८बी२० सेन्सर, सोळा बाय दोनचा एलसीडी आणि बझर. दूध ४ अंशाच्या आसपास राहिलं पाहिजे, वर चढलं की बझर वाजतो आणि वायफायवरून मेसेज जातो, एवढंच काम. सुरुवातीला वायफायचं नाव, पासवर्ड, तापमानाची मर्यादा सगळं कोडमध्येच लिहिलेलं होतं आणि तसं बरं चाललेलंही होतं, पण राउटर बदलला की सेक्रेटरींचा फोन, "सायेब, नेट न्हाई म्हणतंय, कवा येतासा?" मग लॅपटॉप घ्या, केबल घ्या, तिथं जाऊन एक ओळ बदला, परत अपलोड करा. पेट्रोल आपलंच.

म्हणून सेटिंग कोडमधून बाहेर काढायची ठरवली. मोबाइलवरून डबीच्या हॉटस्पॉटला जोडायचं आणि पेज उघडून नाव-पासवर्ड भरायचा असाही मार्ग आहे, बरेच जण तोच वापरतात, पण सेक्रेटरींचा हात कॉम्प्युटरवर बसलेला, दूध संकलनाचा हिशोब रोज त्यावरच करतात. कार्ड काढा, नोटपॅडमध्ये फाइल उघडा, बदला, सेव्ह करा, परत घाला, हे त्यांना लगेच पटलं.

फाइल कशी असावी यावर मी थोडा अडलो. जेसन ही कंस-अवतरणचिन्हांत माहिती लिहायची एक पद्धत, तिच्यासाठी आर्डुइनोजेसन ही छान लायब्ररी (तयार कोड) आहे, पण जेसनमध्ये एक अवतरणचिन्ह पडलं किंवा शेवटी एक स्वल्पविराम जास्त झाला की पूर्ण फाइलच नापास, आणि ती फाइल बदलणारा माणूस प्रोग्रामर नाही हे विसरून चालत नाही. त्यापेक्षा साधी 'नाव=किंमत' फाइल बरी, एक ओळ बिघडली तर तेवढीच बिघडते. नावंही मराठीतच ठेवली: वायफाय, पासवर्ड, मर्यादा, मिनिटं. फाइल यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) असली की स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, तुलना बाइटला बाइट होते, देवनागरी असल्यानं प्रोग्रामला काही फरक पडत नाही.

फाइल वाचायचा कोड खरं सांगायचं तर चार ओळींचा. कार्ड सुरू करा, फाइल उघडा (ईएसपी३२ वर नावाच्या आधी तिरकी रेघ लागतेच), नवीन ओळीपर्यंत वाचा, बरोबरच्या चिन्हावर तोडा. कार्ड ३२ जीबी किंवा त्याच्या आतलं घ्या म्हणजे फॅट३२ मध्ये (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट होतं, ६४ जीबीची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि ती एसडी कार्डाच्या लायब्ररीला उघडत नाहीत. टेबलावर सगळं पहिल्या झटक्यात चाललं.

खरी मजा सेक्रेटरींनी फाइल बदलून दिल्यावर सुरू झाली.

वायफाय जोडेना. सीरियल मॉनिटरवर (डबीनं पाठवलेला मजकूर लॅपटॉपवर दिसतो ती खिडकी) पासवर्ड छापला तर अक्षर न् अक्षर बरोबर. मग तो चौकटी कंसात छापला आणि सोबत लांबी छापली, तर आठ अक्षरांच्या पासवर्डची लांबी नऊ, आणि बंद व्हायचा कंस ओळीच्या सुरुवातीला येऊन पहिल्या अक्षरावर बसलेला. म्हणजे कॅरेज रिटर्न, ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं न दिसणारं चिन्ह. विंडोज ओळीच्या शेवटी दोन बाइट टाकतं, मी नवीन ओळीच्या बाइटपर्यंत वाचत होतो, त्याच्या आधीचा तेरा नंबरचा बाइट पासवर्डला चिकटून राउटरपर्यंत जात होता. ट्रिम केलं, म्हणजे कडेच्या स्पेस आणि असली न दिसणारी चिन्हं कापली, सुटलं. पासवर्डच्या शेवटी कुणी मुद्दाम स्पेस ठेवत असेल तर त्याची सोय मी केलेली नाही, ठेवतच नाही कुणी.

त्यानंतर पहिलीच ओळ दिसेना. बाकीच्या ओळी वाचल्या जातायत आणि 'वायफाय' हे नावच सापडत नाही. पहिले काही बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) छापले तर सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ. संस्थेचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा, तिथलं जुनं नोटपॅड यूटीएफ-८ फाइल सेव्ह करताना पुढं हे तीन बाइट लावतंच. मी फाइल त्यांच्याशिवाय दिली तरी ती परत येताना त्यांना घेऊनच येणार, म्हणून आता पहिल्या ओळीला ते तीन दिसले की उडवतो. आणि फाइल एफएफ, एफईनं सुरू झाली तर कुणीतरी सेव्ह करताना 'युनिकोड' निवडलंय, म्हणजे यूटीएफ-१६, तेव्हा सरळ नाही म्हणायचं.

पण सगळ्यात भारी प्रकार मर्यादेचा. त्यांनी मर्यादा पाचाची सहा केली आणि बझर जो वाजायला लागला तो थांबेचना, दूध तर मस्त ४ अंशावर. फाइलमध्ये लिहिलेलं होतं 'मर्यादा=६'. मराठी कीबोर्ड चालू होता, त्यामुळं आकडाही मराठी, आणि फाइल मराठीत म्हटल्यावर दुसरं काय लिहिणार माणूस! मजकुराचा आकडा करून देणाऱ्या एटीओएफ या फंक्शनला तो आकडा कळत नाही, तो गपचूप शून्य देतो, आणि शून्याच्या वर दूध कायमच असतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आकडा तीन बाइटचा असतो, ई०, ए५ आणि तिसरा शून्यासाठी ए६ पासून नवासाठी एएफ पर्यंत. तेव्हा आधी हे तीन बाइट दिसतील तिथं त्यांच्या जागी इंग्रजी आकडा बसवतो, तिसऱ्या बाइटमधून ए६ वजा केलं की झालं. मग एटीओएफ काढून एसटीआरटीओडी हे तसलंच दुसरं फंक्शन लावलं, कारण ते कुठपर्यंत वाचलं हे सांगतं, त्यामुळं खरा शून्य आणि कचरा वेगळा ओळखता येतो. वर परत हद्द तपासायची, मर्यादा २ ते १० मध्येच, मिनिटं १ ते ६० मध्येच.

अजून दोन बारीक गोष्टी पासवर्डमुळं कराव्या लागल्या. ओळ पहिल्याच बरोबरच्या चिन्हावर तोडायची, कारण पासवर्डमध्येही ते चिन्ह असू शकतं, आणि हॅश (#) हा ओळीच्या सुरुवातीला असेल तरच टीप समजायची. वायफायच्या नावाला ३२ बाइटची हद्द आहे, त्यामुळं कुणी राउटरला देवनागरी नाव दिलंच तर काना-मात्रा धरून दहाच चिन्हं बसतात (प्रत्येकी तीन बाइट), तेवढी तपासणी आत्ताच घालून ठेवलीय.

चुकलेली ओळ कोणती ते एलसीडीवर दाखवतो. त्या एलसीडीवर मराठी उमटत नाही, म्हणून इंग्रजी ई आणि पुढं ओळीचा नंबर. ई ४ दिसलं की सेक्रेटरी चौथी ओळ बघतात, फोन करायची वेळ फारशी येत नाही.

आणि कार्डच सापडलं नाही तर? तेव्हा डबीनं बंद पडू नये म्हणून सगळ्या तपासण्या पास झालेली फाइल मी ईएसपी३२ च्याच फ्लॅशवर (कायमच्या मेमरीवर) लिटिलएफएस या फाइली मांडायच्या पद्धतीत कॉपी करून ठेवतो, कार्ड नसलं किंवा त्यावरची फाइल नापास झाली की ती शेवटची चांगली प्रत वापरायची. कॉपी आधी तात्पुरत्या नावानं लिहायची आणि मग नाव बदलायचं, म्हणजे मध्येच लाईट गेली तरी जुनी शाबूत राहते. आमच्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसल्यानं कार्डावर मात्र डबी एक बाइटही लिहीत नाही, नुसतं वाचते. लिटिलएफएस सुरू करताना 'नाही जमलं तर फॉरमॅट कर' हा पर्याय बऱ्याच उदाहरणांत चालू असतो, तो मी बंद ठेवलाय, नाहीतर कधीतरी माउंट, म्हणजे हे सुरू होणं, फसलं की ती चांगली प्रतही साफ.

पासवर्ड कार्डावर उघडाच आहे, कुणीही कार्ड काढून वाचू शकतो. त्याचं काही करावं का म्हणून सेक्रेटरींना विचारलं तर त्यांनी काउंटरमागच्या भिंतीकडं बोट दाखवलं, तिथं तो आधीपासूनच मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलेला.